पाहुण्याची दुरुस्ती

४ फेब्रुवारी

या वहीला जुलैनंतर हात लावला नाही. सबब सांगायला गेले तर ती मलाच पटत नाही, तेव्हा सांगत नाही. चुकलं, इतकंच. आज लिहायला बसले त्याचं कारणही फारसं भूषणावह नाही. एका अनोळखी माणसाने माझं काम फुकटात करून दिलं आहे आणि मला ते आवडलेलं नाही.

काम म्हणजे डबीचं. मोबाइलची अॅप बनवणाऱ्यांसाठी केलेली ही एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे त्यांना आपल्या अॅपमध्ये आयता वापरता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा. अॅपमधली एखादी वस्तू, म्हणजे कुणाचा पत्ता, एखादं मोजमाप, कसली यादी, नाव देऊन डबीत ठेवायची आणि त्याच नावाने परत मागायची. दोनच आज्ञा, ‘ठेव’ आणि ‘दे’. ज्यांना मोठे डेटाबेस झेपत नाहीत किंवा नको असतात ते लोक ही वापरतात. पैसे लागत नाहीत. आतली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते, आणि दुरुस्तीही कुणालाही सुचवता येते. ती घ्यायची की नाही हे मी ठरवते. पूर्वी आम्ही ठरवत असू. डबी माझे दीर आणि मी अशी दोघांनी लिहिली. दोन वर्षांपूर्वी ते बाहेर पडले.

आज दुपारी ‘पाहुणा’ या नावाने एक दुरुस्ती आली. चित्राच्या जागी करडं वर्तुळ. याआधी कुठे काही केल्याची खूण नाही. त्याचं म्हणणं असं, की डबी नवी वस्तू जुनीच्या अंगावर लिहिते. लिहिता लिहिता फोन बंद पडला, तर जुनी अर्धी पुसलेली आणि नवी अर्धी लिहिलेली, म्हणजे दोन्ही गेल्या. त्याने नवी वस्तू आधी बाजूला पूर्ण लिहून, मग जुनीच्या जागी सरकवायची सोय केली आहे.

मी वाचली. बरोबर आहे. इतकी बरोबर आहे की अंगावर काटा आला. माझ्यासारखंच ओळीआधी चार जागा सोडणं, माझ्यासारखंच प्रत्येक टिपणाच्या शेवटी पूर्णविराम देणं. असा पूर्णविराम जगात कुणी देत नाही. म्हणजे या माणसाने माझं सगळं जुनं काम वाचून माझी लकब उचलली आहे. एवढी मेहनत कोण फुकट करतं?

५ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. येईल त्याला तो ‘हे दिसतंय का, आता हे?’ विचारत असतो, आणि घरी आल्यावरही ती सवय जात नाही.

“दुरुस्ती चांगली आहे का?” त्याने विचारलं.

“चांगली आहे. तेच तर.”

“तुझ्या डोळ्यांना नंबर नाही. संशयाला आहे,” तो म्हणाला.

मी त्याला समजावलं की असं घडतं. एकटं माणूस दमून एखादी लायब्ररी सांभाळत असतं, कुणीतरी गोड परका मदतीला येतो, वर्षभर मन लावून काम करतो, आणि किल्ल्या हातात आल्या की एक वाईट ओळ आत सोडतो. ती ओळ मग हजारो फोनमध्ये जाते.

“तुझा हा पाहुणा गोड आहे का?”

नाही. तो अजिबात गोड नाही. नमस्कार नाही, आभार नाही. मी हे कबूल केलं तर हा हसला. का हसला ते सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

मी पाहुण्याला दोन शंका विचारल्या होत्या. दोन्हींची उत्तरं आली. त्याच्या सगळ्या हालचालींच्या वेळा काढून पाहिल्या, तर तो फक्त दुपारी दोन ते चार काम करतो. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. रविवारीही दोन ते चारच. हौशी माणूस असा वागत नाही. हौस वाटेल तेव्हा येते. दोन ते चार ही कुणीतरी नेमून दिलेली पाळी वाटते. आणि पाळी असेल तर नेमणारा कोण?

हे लिहून पुन्हा वाचलं. जरा जास्त होतंय का? होत असेल. पण उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

१० फेब्रुवारी

धाकटीचा, म्हणजे जावेचा फोन. सासरे त्यांच्याकडे असतात. बाबांचं हृदय अशक्त झालंय, अंगात पाणी साठतं. म्हणून रोज सकाळी वजन करून फोनमधल्या एका अॅपमध्ये भरायचं, आणि ते वाढत गेलं की डॉक्टर पाण्याची गोळी वाढवतात. त्या अॅपमधली महिन्याभराची वजनं पुन्हा एकदा नाहीशी झाली. बाबांचा फोन जुना आहे, मनात येईल तेव्हा मान टाकतो.

बाबांनी मध्येच फोन घेतला. “सूनबाई, माझं वजन हरवलंय. अंगावर तर आहे, मग गेलं कुठे?” आणि स्वतःच हसत सुटले. हसता हसता धाप लागली तेव्हा धाकटीने फोन काढून घेतला.

तिला गेल्या चार दिवसांचे आकडे आठवत होते, ते तिने मला सांगितले. ६१.४, ६१.४, ६१.९, ६२.८. ती म्हणाली, “हे सुद्धा वैतागलेत, ताई. बाबा दुपारी झोपले की जे मशीनपुढे बसतात ते चहालाच उठतात.” बिचारे भावोजी. रोज ऑफिसचं काम घरून, त्यात बाबांचं सगळं त्यांनाच करावं लागतं.

ते अॅप डबी वापरतं. तेव्हा वजनं कशी गेली हे मला कळतं. पाहुण्याची दुरुस्ती घेतली तर जाणार नाहीत, हेही कळतं. म्हणूनच घाई करता कामा नये. माझ्या घरच्या माणसाची अडचण आणि परक्याची मदत एकाच आठवड्यात दारात यावी, हा योगायोग मला फार सोयीचा वाटतो.

१३ फेब्रुवारी

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

दुरुस्तीबरोबर चाचणी जोडा, असं मी पाहुण्याला सांगितलं होतं. आज जोडली. साठवताना मध्येच फोन बंद झाल्याचं सोंग करायचं आणि जुनी वस्तू शाबूत राहते का ते बघायचं. सुरेख चाचणी आहे. नमुना म्हणून त्यात त्याने कुणाचीतरी वजनं घेतली आहेत. ६१.४, ६१.४, ६१.९, ६२.८.

मी धाकटीशी बोलताना कागदाच्या तुकड्यावर टिपलेले आकडे काढून शेजारी ठेवले. तेच, त्याच क्रमाने.

या माणसाला बाबांची वजनं माहीत आहेत.

१४ फेब्रुवारी

अॅपवालीला फोन केला. दोन मैत्रिणींची कंपनी आहे, त्यातली ही अॅप लिहिते. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं की रुग्णांची माहिती तुमच्याकडून बाहेर जाते का.

“जाईल कुठून, मॅडम? आमच्याकडे येतच नाही. सगळं त्यांच्या फोनमध्ये, तुमच्याच डबीत,” ती म्हणाली. “कुणी पाहिलं असेल तर फोन हातात घेऊन पाहिलं असेल. की तुम्हाला आमचा संशय येतोय?”

मी नाही म्हणाले. थोडा येत होता.

फोन हातात घेऊन. त्या घरात बाहेरचं कोण येतं? डॉक्टर येत नाहीत. फिजिओथेरपिस्ट येतो, एक दाढीवाला, बाबांना हात वर करायला लावतो आणि स्वतः मोबाइल बघत बसतो. मी धाकटीला आडून विचारलं, तो कॉम्प्युटरचं काही शिकलाय का.

“तो? त्याला बाबांचं बीपीचं मशीन लावता येत नाही, ताई. बाबाच त्याला दाखवतात. का हो?”

मी आकड्यांचं सांगितलं. धाकटी म्हणाली, “तुम्ही ह्यांनाच विचारा ना एकदा.” मी म्हटलं, त्यांना कशाला आणखी त्रास. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला. ती काही लपवते आहे का? धाकटीवर संशय घ्यायची वेळ आली म्हणजे कठीण आहे. पण टाळलं तिने, हे खरं.

१७ फेब्रुवारी

परवा पाहुण्याला एक सापळा लावला. ‘बाजूला लिहिण्याची पायरी गाळली तर दुरुस्ती लगेच घेते,’ असं लिहिलं. ती पायरी गाळणं साफ चूक आहे. ज्याला नुसता आत शिरकाव हवा असेल तो माझ्या होला हो करेल, असा हिशेब.

आज उत्तर आलं, “गाळली तर वस्तू जाईल. हे तुम्हाला माहीत आहे.”

म्हणजे सापळा ओळखला. हुशार आहे.

मग मी सरळच विचारलं की तुम्ही कोण, आणि हे आकडे कुठून आणले. पहिल्याचं उत्तर आलं, दुसऱ्याचं नाही. “माणूस कोण आहे यावरून ओळ बरोबर ठरत नाही. तपासा. दोनदा तपासून झाली असेल तर तिसऱ्यांदा तपासा.”

असंच काहीसं वाक्य मी स्वतः उच्चारलं आहे. जेवणाच्या टेबलावर, दोन वर्षांपूर्वी. भावोजी म्हणाले होते, “वहिनी, मी तपासल्यावर तुम्ही पुन्हा तपासता, मग आणखी एकदा. मी घरातला आहे. दाराबाहेर उभा नाही.” आणि मी म्हणाले होते की माणूस घरातला आहे म्हणून ओळ बरोबर ठरत नाही. वाक्य मला आजही योग्य वाटतं. ते भात वाढलेल्या ताटावर म्हणायला नको होतं, एवढं मान्य आहे. भावोजींनी ताट संपवलं, धुऊन ठेवलं, आणि म्हणाले, “ठीक आहे. यापुढे डबीच्या एका ओळीला माझा हात लागणार नाही.”

तेव्हा पाहुणा म्हणजे भावोजी का, हा प्रश्न मनात आला. आला नाही असं लिहिणं खोटं होईल. नीट विचार केला आणि काढून टाकला. भावोजींनी शब्द दिला होता, आणि तो माणूस दिलेला शब्द मोडत नाही. लग्नात फोटोसाठी खोटं हसायलासुद्धा ते तयार नव्हते. खोटं नाव घेऊन वहिनीच्या दारात यायचं, हे त्यांच्या स्वभावातच नाही. मी आजवर संशय घ्यायला कुणाला सोडलं नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. पण तिथे माझा संशय पोचत नाही.

तपासण्याचं वाक्य कुठल्याही अनुभवी माणसाला सुचेल. आमच्या धंद्यात तर सुचायलाच हवं.

दुरुस्ती बाजूला ठेवून दिली. घेतली नाही, नाकारलीही नाही.

२० फेब्रुवारी

बाबांना पहाटे दवाखान्यात हलवलं. श्वास घेता येईना. आम्ही दोघंही निघतोय.

२१ फेब्रुवारी

बाबा ऑक्सिजनवर आहेत. शुद्धीत आहेत, नर्सची थट्टाही करून झाली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “गेल्या पंधरवड्याची वजनं बघू.” भावोजींनी बाबांचा फोन काढून उघडला, आणि तसाच धरून राहिले. सोमवारी फोन पुन्हा बंद पडला होता, सगळं गेलं होतं. धाकटीने आठवेल तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, “पाणी कधीपासून साठतंय तेच कळत नाहीये. कळलं असतं तर गोळी वाढवून घरीच भागलं असतं.” त्यांनी हे कुणाला दोष देऊन म्हटलं नाही. मी भिंतीकडे बघत होते.

हिशेब प्रामाणिकपणे मांडते. चार तारखेला दुरुस्ती आली. त्याच आठवड्यात मी ती बाहेर सोडली असती, तर अॅपवालीने तिचं नवं अॅप दोन-तीन दिवसांत काढलं असतं. सोमवारची वजनं वाचली असती. हे असंच झालं असतं असं छातीठोक सांगता येत नाही. नसतं झालं असंही सांगता येत नाही.

नवरा बाबांजवळ बसला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. भावोजी दोन कप चहा घेऊन आले. एक मला दिला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“डबीचं काय चाललंय?” त्यांनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मला सगळं सांगावंसं वाटलं. पण वडील आत नळ्या लावून पडलेत आणि मी त्यांना कुणा परक्याच्या कारस्थानाची कथा सांगायची, हे बरं दिसलं नसतं. शिवाय त्यांनीही काही कारणाने विचारलं असावं. टोमणाच असेल, कोण जाणे.

“विशेष काही नाही,” मी म्हणाले.

ते थांबले. आणखी काही येईल अशी वाट बघत असावेत. मग म्हणाले, “चहा गार होतोय, वहिनी,” आणि उठून आत गेले.

२५ फेब्रुवारी

बाबा घरी आले. जिना चढताना दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा ‘देखावा बघतोय’ म्हणाले. जिन्यात देखावा नाही, वीजमीटर आहेत.

पाहुण्याचं मात्र वीस तारखेपासून एक अक्षर नाही. दोन ते चार, काहीच नाही. मी आकड्यांचा प्रश्न विचारला आणि तो नाहीसा झाला, याचा अर्थ उघड आहे. घाबरला. नवऱ्याला हे सांगितलं तर तो चष्मा पुसत राहिला. बराच वेळ.

“कदाचित त्याच्या घरी कुणी आजारी असेल,” तो म्हणाला.

“तुला सगळ्यांची कणव. त्यालाच बाबांचे आकडे माहीत होते, हे विसरू नकोस.”

“विसरत नाहीये,” हा म्हणाला. मग काच उजेडात धरून म्हणाला, “काही जणांना अगदी जवळचं दिसत नाही. लांबचं लख्ख दिसतं. त्यालाही चष्मा असतो.”

याला दुकानाबाहेर दुकानाचं बोलू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं आहे.

२७ फेब्रुवारी

पाहुणा गेला असेल तर त्याची दुरुस्ती घ्यायची गरज नाही, मी माझी लिहीन. असं ठरवून आज सकाळी बसले. त्याचं काही उघडं न ठेवता, कोऱ्या पानावर. दुपारपर्यंत झाली. मग शेजारी त्याची ठेवून पाहिली. नावं सोडली तर ओळीला ओळ तीच. एका ठिकाणी वेगळी होती, तिथे माझी चुकीची होती.

आता माझी म्हणून ही बाहेर कशी सोडू? त्याची आहे ती. त्याचं नाव लावायला हवं. पण नाव लावायचं म्हणजे त्याला दारातून आत घेणं, आणि तो कोण ते मला माहीत नाही.

आज त्याची प्रत्येक ओळ तीनदा तपासली. काही सापडलं नाही. लपवलेलं काही नाही, वाकडं काही नाही. सापडावं अशी माझी इच्छा होती का, हे स्वतःला विचारलं. थोडी होती.

१ मार्च

दोन वाजून गेल्यावर पाहुणा आला. नवं काही नाही, एकच ओळ. “उशीर झाला. काही बदल हवा असेल तर सांगा. कृपया लवकर घ्या.” कृपया हा शब्द त्याने पहिल्यांदा वापरला.

संध्याकाळी अॅपवालीचा निरोप. आणखी तीन रुग्णांची वजनं गेली आहेत, त्यातल्या एक बाई एकट्या राहतात. दुरुस्ती कधी येतेय, मॅडम?

खरी अडचण अशी आहे. डबी सुरू केली तेव्हा आम्ही एक नियम केला होता. कुठलाही बदल दोघांनी तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही, आणि ज्याने बदल लिहिला त्याने स्वतःचाच तपासायचा नाही. नियम भावोजींचा. ते गेल्यावर तपासणारी मी एकटीच उरले. नियम मोडून स्वतःच दोनदा ‘बरोबर’ म्हणता आलं असतं, मशीनने अडवलं नसतं. पण मी तसं केलं नाही. त्यामुळे दोन वर्षांत डबीचा एकही बदल बाहेर गेलेला नाही. विचारणाऱ्यांना मी ‘काम चालू आहे’ एवढंच कळवत आले.

दुसऱ्या तपासनिसाच्या जागेवर अजून भावोजींचंच नाव आहे. मी काढलं नाही. त्यांनीही काढून घेतलं नाही.

२ मार्च

सकाळभर विचार केला. अनोळखी माणसाचं काम आहे, तेव्हा तपासणारा असा हवा की ज्याला डबीची प्रत्येक ओळ ठाऊक आहे आणि ज्याच्यावर मी डोळे मिटून भरवसा ठेवीन. डोळे मिटून असं लिहिलं गेलं. खोडावं म्हटलं, पण खोडलं नाही, कारण खरं आहे. असा माणूस एकच आहे. हे त्यांना त्या दिवशी टेबलावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

जेवताना हे नवऱ्याला सांगितलं. म्हटलं, भावोजींना विचारते, पाहुण्याची दुरुस्ती तुम्ही तपासाल का.

त्याने घास खाली ठेवला. “त्याची दुरुस्ती त्याला तपासायला देणार? म्हणजे पाहुण्याची. माझ्या भावाला.”

“हो. का? तपासणार नाहीत असं वाटतं?”

“नियमात बसेल का, ते त्यालाच विचार,” हा म्हणाला, आणि पाणी पिता पिता त्याला जोराचा ठसका लागला. मी पाठीवर थापटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकत होता.

नियमात का नाही बसणार? मी आणि भावोजी, दोघं तपासणारे, आणि लिहिणारा तिसराच. अगदी काटेकोर बसतं. ते नाही म्हणाले तर मात्र आग्रह करायचा नाही, का नाही एवढंच विचारायचं. जे असेल ते सांगतील. ते खोटं बोलत नाहीत.

पहिलं वाक्य काय बोलावं हे दोन-तीन प्रकारे मनात जुळवून पाहिलं. शेवटी ठरवलं की आधी बाबांचं आजचं वजन विचारावं, आणि मग थांबावं, ते काही म्हणेपर्यंत.

उद्या: भावोजींना फोन करणे.